अलीकडं म्हणजे कुठं

कॅप्टन कधीही सैन्यात नव्हते. हे आधी सांगून टाकतो, कारण त्यांच्याबद्दल जे काही सांगितलं जातं त्यातलं निम्मं या एका शब्दावर उभं आहे. नगरला त्यांचं ट्रकच्या टायर-ट्यूबांचं दुकान होतं. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि गळ्यात शिट्टी, एवढ्या भांडवलावर लोक त्यांना कॅप्टन म्हणायला लागले आणि त्यांनी कधी कुणाला थांबवलं नाही. मी त्यांचं नाव लिहीत नाहीये. माझ्या काही मित्रांना हा भेकडपणा वाटतो. आम्ही संघटनेत पत्रकं काढायचो तेव्हा नाव ठळक टायपात, तेही दोनदा छापायचो. पण माझा अनुभव असा की नाव छापलं की लोक नाव वाचतात आणि काम विसरतात. मला या माणसाचं काम लोकांच्या लक्षात राहायला हवंय.

आमचं गाव प्रवरेच्या काठावर, संगमनेरच्या वरच्या अंगाला. गाव एका काठाला आणि गावाची बरीचशी शेतं दुसऱ्या काठाला. पूल आहे, पण चांगला लांब. पावसाळ्यात नदी भरली की खुरपायला जाणाऱ्या बाया काहिलीतून पलीकडं जायच्या. काहील म्हणजे गूळ करायची ती लोखंडी मोठी कढई. गुऱ्हाळ संपलं की ती पालथी पडून असते. आमच्या गावात ती पावसाळ्यात नदीत उतरायची आणि ती हाकायचा माझा थोरला भाऊ. त्याला मी दादा म्हणतो, म्हणून इथंही दादाच म्हणेन.

दादा काही गरीब बिचारा माणूस नव्हता, हेही सांगून ठेवतो. आमच्याकडे ठरावीक साच्याचा सोशिक माणूस लोकांना फार आवडतो. दादा बढाईखोर होता. काहिलीत उभा राहिला की मोठमोठ्यानं बोलायचा, बायांना दटावायचा, पाटलाच्या सुनेलासुद्धा "खाली बस, न्हाईतर उतर" म्हणायचा. आणि बाया ऐकायच्या, कारण त्याच्या काहिलीत कुणाचं लुगडंसुद्धा भिजलं नव्हतं.

बहात्तर सालच्या दुष्काळात नदीत नुसती वाळू होती. काहील दोन पावसाळे तशीच पडून राहिली, दादा खडी फोडायला गेला. त्र्याहत्तरला नदी परत आली. आली ती भरभरून, वरच्या खडकांवरून पांढरा फेस उडवत. आम्ही पाणी बघायला म्हणून काठावर जाऊन बसायचो. आणि त्याच पाण्याचा वास लागल्यासारखी कॅप्टनची जीप गावात आली.

परदेशी मासिकात त्यांनी चित्रं बघितली होती. रबरी होड्या, उसळतं पाणी, वल्हं हाणणारी गोरी माणसं. त्यांनी दुकानातल्या ट्रकच्या ट्यूबा फुगवल्या, त्यांवर बांबू बांधले आणि तराफा केला. नगरला पत्रक वाटलं: 'निसर्गरम्य प्रवरेवर रोमहर्षक जलसफर, अनुभवी मार्गदर्शकासह.' पत्रक म्हणून मला ते तेव्हाही वाईट वाटलं होतं. विशेषणं जास्त, पत्ता बारीक. पण 'अनुभवी मार्गदर्शक' म्हणजे दादा, म्हणून मी गप्प बसलो. शिवाय मी नगरलाच कॉलेजात होतो, आमच्या युवक संघटनेची पत्रकं लिहायचो, सायक्लोस्टाइलची शाई माझ्या नखांतून निघत नव्हती. चार शहरी लोक नदीत खेळायला येतात यावर लिहिण्यासारखं मला तेव्हा काही दिसलं नाही.

दादाला मात्र फार आवडलं. तराफ्याच्या मागच्या टोकाला उभं राहून वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर ओरडायला मिळत होतं. त्यानं काळा चष्मा घेतला.

वहिनी म्हणाली, "पान्यात कुनाला दिसायचाय तुमचा चष्मा? माशांला?"

"माशांला न्हाई, फोटूत दिसतो," दादा म्हणाला. "तू ये एकदा. तुला बी फिरवतो."

"मला नको. मी बसते ती कामाला जायला बसते."

रविवारी रविवारी तराफा सुटायचा. गावाच्या वरून निघायचा, मधे एका ठिकाणी नदी दोन वाटांनी फुटते तिथून पडायचा आणि खालच्या सपाटीला लागायचा. मधल्या खडकाला आम्ही दाढ म्हणतो. दाढेच्या गावाकडच्या अंगाला पाणी खोल आणि सरळ, तिकडून गेलं की एक हिंदोळा बसतो आणि संपलं. पलीकडच्या अंगाला मात्र पाण्याखाली सुळके आहेत. दादा ओरडायचा, कॅप्टन पुढं बसून तेच इंग्रजीत ओरडायचे, सगळे वल्ही मारायचे, आणि खाली मी किंवा वहिनी चहा घेऊन उभे असायचो. सगळं ठीक चाललं होतं.

श्रावणातल्या एका रविवारी ठीक चाललं नाही.

त्या दिवशी तराफ्यावर कॅप्टन, एक फोटोवाला, कॉलेजातली दोन पोरं आणि नगरच्या मिशनच्या शाळेतला एक चित्रकलेचा मास्तर होता. मास्तर माझ्यापेक्षा थोडाच मोठा, हसरा. निघताना त्यानं दादाचं एक चित्र पेन्सिलीनं काढलं होतं, चष्म्यासकट. मी दाढेच्या खाली उभा होतो. तराफा वळणावर दिसला. दादाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला: "अलीकडं! अलीकडं घ्या! अलीकडं!" मग कॅप्टनची शिट्टी, मग कॅप्टनचा आवाज: "राइट! ऑल राइट साइड!" आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळे जण जीव खाऊन पलीकडं वल्ही मारायला लागले. दादा एकटा मागून उलट जोर लावत होता. एकट्याचं काय चालणार? तराफा दाढेच्या चुकीच्या अंगाला गेला, सुळक्यावर चढला, उभा राहिला आणि आडवा झाला.

बाकीचे पाण्यात फेकले गेले आणि वाहत वाहत पलीकडच्या काठाला लागले. मास्तरचा पाय बांबू आणि खडक यांच्या मधे सापडला. दादानं त्या पाण्यात उतरून, खांद्यानं तराफा रेटून, तो पाय सोडवला. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मी काहील घेऊन पलीकडं पोचलो तेव्हा मास्तर काठावर पडला होता, पाय गुडघ्याखाली नको तिकडं वळला होता, आणि दादा त्याच्या शेजारी बसून कुडकुडत होता. ओठ जांभळे. दातावर दात आपटत होते.

आता जे लिहितो ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कॅप्टननी खिशातून चपटी बाटली काढली. ब्रँडी होती, त्यांच्याकडे पिण्याचं परमिट होतं. ती दादापुढं धरली.

"घे. थंडी जाईल."

"साहेब, मी घेत न्हाई."

"अरे, औषध आहे हे. औषध म्हणून घे. मी सांगतो ना."

दादानं नाक मुरडून दोन घोट घेतले. कॅप्टन म्हणाले, "अजून." त्यानं अजून घेतले. मग आम्ही मास्तरला काहिलीत निजवून गावाकडं आणलं, जीपपर्यंत उचलून नेलं. जीपपाशी निम्मं गाव जमलं होतं. दादा सगळ्यांच्या मधून गेला आणि सगळ्यांना वास आला. कुणीतरी विचारलं, "प्यालेला हाय का ह्यो?" कॅप्टन तिथंच उभे होते. त्यांनी ऐकलं. एवढंच म्हणायचं होतं की मी पाजली. ते जीपमध्ये बसले आणि गेले.

मी म्हटलं, घाईत असतील. जखमी माणूस आहे बरोबर. बघा, इतका मी समजूतदार होतो.

गणपतीत नगरला एका मंडळाच्या मांडवात कॅप्टनचं भाषण होतं. विषय साहस आणि तरुण पिढी. मी मुद्दाम गेलो, मागं उभा राहिलो. वाटलं, मास्तरच्या पायाचं काहीतरी कळेल. कॅप्टन म्हणाले, "आपला ग्रामीण बांधव प्रेमळ आहे, पण व्यसनानं पोखरला गेलाय. त्या दिवशी आमचा मार्गदर्शक प्यायलेला होता. ऐन धारेत त्यानं आम्हाला चुकीच्या बाजूला घातलं. पण आम्ही डगमगलो नाही!"

टाळ्या. नुसत्या नाहीत, कडकडाट.

मी मागून ओरडलो, "पाजली कुणी? पाजली कुणी ते सांगा!" दोन स्वयंसेवकांनी मला दोन्ही कोपरांना धरलं आणि बाहेर नेऊन ठेवलं. एक जण गोड आवाजात म्हणाला, "आरतीला उशीर होतोय हो, नंतर या." मी आरती संपेपर्यंत बाहेर थांबलो. कॅप्टन मागच्या बाजूनं निघून गेले होते.

हे भाषण माझ्या आधी गावात पोचलं. आमच्या गावची काही माणसं नगरला हमाली करतात, ती मांडवात होती. जीपपाशी आलेला वास आणि मांडवातलं वाक्य हे दोन तुकडे लोकांनी जोडले. मी लोकांना दोष देत नाही. तुकडे बसतही होते.

कुणी दादाला तोंडावर काही बोललं नाही. तसं बोलले असते तर बरं झालं असतं, त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या. बाया फक्त काहिलीत बसेनाशा झाल्या. सकाळी दादा काठावर वल्हं घेऊन उभा राहायचा आणि बाया खुरपी घेऊन त्याच्या समोरून पुलाच्या रस्त्याला लागायच्या. शेजारची म्हातारी आत्या तेवढी थांबली. म्हणाली, "रागवू नगं बाबा. सून दोन जिवाची हाय. आज चालतच जाऊ दे."

"आन उद्या?" दादानं विचारलं.

आत्या सुनेच्या मागं गेली.

आठवडाभरात दादानं काहील पालथी घातली. काळा चष्मा काढून कोनाड्यात टाकला. ज्या माणसाचा आवाज दोन्ही काठांना ऐकू जायचा, तो घरात पाणी मागायलासुद्धा तांब्या पुढं सरकवायला लागला. वहिनी माझ्यावरच चिडली.

"तुमी शिकल्याले ना, भावजी? लोकांची एवढी पत्रकं लिवता. घरच्याचं एक लिवा की."

मी लिहिलं. रागानं लिहिलं, चांगलं उतरलं होतं. 'टायरविक्याचं साहस, नावाड्याची बदनामी' असा मथळा. संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवलं. आमचे एक ज्येष्ठ साथी चष्मा पुसत म्हणाले, "हा वैयक्तिक प्रश्न झाला. याला व्यापक भूमिका दे. ग्रामीण-शहरी अंतर्विरोध वगैरे." मी कागद उचलला आणि बैठकीतून बाहेर आलो. माझ्या भावाच्या तोंडाला वास आणणारी बाटली कोणत्या अंतर्विरोधात बसते, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

आता त्या दिवशी नेमकं काय झालं ते. दादानं ते सांगितलं जेवताना, आणि तेही मी खोदून खोदून विचारलं तेव्हा.

"मी अलीकडं म्हनलो. त्यो पलीकडं गेला. बास."

"पण का गेला? इतक्या रविवारी तर बरोबर जायचा."

दादानं भाकरी बाजूला सारली. मग ताटातली वाटी मधे ठेवली. "ही दाढ." कांद्याची एक फोड घेतली. "ह्यो तराफा. हितं मागं मी. हे आपलं गाव, हे अलीकड." आणि तिथं थांबला. फोड हातात तशीच राहिली.

"दर येळी त्यो कॅप्टन डाव्या अंगाला बसायचा," तो हळूच म्हणाला. "गावाच्या अंगाला. त्या दिशी ऊन डोळ्यावर येतंय म्हनून फोटूवाल्याला तिथं बसवलं आन ह्यो उजव्या अंगाला सरकला."

मग मला कळलं. आमच्या गावात नदीवर डावं-उजवं नसतं. काहील गोल असते, तिला पुढं-मागं नाही, ती फिरत फिरत जाते. आत्ता डावीकडे असलेली बाई एका गिरकीत उजवीकडे येते. मग ओरडायचं काय? जे फिरत नाही त्याचं नाव घ्यायचं. फिरत नाहीत ते काठ. गावाचा काठ तो अलीकडं, दुसरा तो पलीकडं. दादा पलीकडच्या काठावर उभा राहून बोलला तरी आमचं गाव त्याला अलीकडंच. समोरच्या गावच्या लोकांचं नेमकं उलटं, आणि त्यावरून लग्नाच्या वऱ्हाडात थट्टा चालते.

कॅप्टनना वाटत होतं, अलीकडं म्हणजे आपल्या बाजूला. ज्या बाजूला आपण बसलो ती. इतके रविवार ते योगायोगानं बरोबर होते. एक दिवस जागा बदलली आणि त्यांचं 'अलीकडं' त्यांच्याबरोबर उठून पलीकडं जाऊन बसलं.

चूक कुणाच्याही हातून होते. ही चूक मी त्यांना सोडून दिली असती. पण चुकीवर बाटली ओतली ती त्यांनी, आणि ती सोडायची माझी तयारी नव्हती. पत्रकात मी न्याय हा शब्द वापरतो. इथं खरं लिहितो. मला सूड हवा होता.

संधी त्यांनी स्वतःच आणून दिली. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं नदीवर धुवायला काढतात. गोधड्या, वाकळा, चादरी, बारदानं सगळं. त्या दिवशी गावातली एकूण एक बाई घाटावर होती, खडक दिसत नव्हते इतकी धुणी वाळत पडली होती. परतीच्या पावसानं नदी भरलेली. मी सुट्टीला आलो होतो. जीप घाटाच्या वर थांबली आणि कॅप्टन उतरले. पायात पॉलिश केलेले बूट. त्यांचा तराफा अजून पलीकडच्या काठावर झाडीत अडकून पडला होता. ट्यूबा दुकानाच्या, त्या त्यांना परत हव्या होत्या.

त्यांनी मला ओळखलं. "अरे, तू मांडवात ओरडणारा ना?" असं म्हणून हसले. "तरुण रक्त आहे, चालायचंच. झालं गेलं. हे बघ, पुढच्या वर्षी मला गाईड लागेल. तू शिकलेला आहेस, शुद्धीत असतोस. विचार कर."

शुद्धीत असतोस. हे माझ्या भावाच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर.

मी म्हणालो, "करतो विचार. आधी तुम्हाला पलीकडं सोडतो. बसा."

काहील सुलटी करून पाण्यात लोटली. त्यांना बसवलं, त्यांच्या हातात एक वल्हं दिलं. तराफ्यावर त्यांच्या अंगात नेहमी तरंगणारं जाकीट असायचं, एकट्यांच्याच. आज ते जीपमध्ये राहिलं होतं. मला पोहता येतं का असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मला येतं. त्यांना येत नव्हतं.

धारेच्या मध्यावर आलो तसा मी दादाच्या आवाजात ओरडलो, "अलीकडं घ्या!"

त्यांनी वल्हं स्वतः बसलेल्या बाजूला हाणलं. काहील फिरली. "अलीकडं, साहेब! अलीकडं!" त्यांनी आणखी जोरात हाणलं, काहील आणखी फिरली, आणि आता त्यांची बाजू दुसऱ्या काठाकडे झाली. ते उलट हाणायला लागले. गोल, गोल, गोल. एकदा तोंड घाटाकडे, एकदा झाडीकडे.

घाटावर धुणं थांबलं. आत्यानं कपाळावर हात धरून बघितलं आणि तिचा आवाज आला, "अगं बया! ह्याला अलीकड-पलीकड कळंना!"

दुसरी कुणीतरी म्हणाली, "आत्या, त्यो अलीकड म्हंजी सोताची मांडी समजतोय!"

बाया हसायला लागल्या. मग एकेक करून हसायच्या थांबल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी श्रावणात दादाचा तो आवाज ऐकला होता. काय घडलं असेल ते त्यांना माझ्या मदतीशिवाय कळत होतं. मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही पत्रकानं इतकं काम केलेलं नाही.

मग मी कॅप्टनच्या हातातलं वल्हं काढून घेतलं आणि माझंही आत ठेवलं. काहील आपसूक फिरत फिरत खाली सरकायला लागली. खाली दाढ आहे. तिथं पोचायला बराच वेळ लागतो आणि मधे एका उथळ जागी काहील अडते, हे मला ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं.

"वल्हं घे," ते म्हणाले.

"त्या दिवशी दादाला कुणी पाजली?"

"हा काय फाजीलपणा आहे? वल्हं घे आधी!"

"कुणी पाजली?"

"तो गैरसमज झाला होता. भाषेचा..."

"भाषेचं सगळ्यांनी आत्ता बघितलं. मी बाटलीचं विचारतोय. आधी पाजली का नंतर?"

त्यांनी दोन्ही हातांनी काहिलीची कड धरली होती. "नंतर," ते म्हणाले.

"कुणी?"

"मी."

"मला सांगू नका, मला ठाऊक आहे. त्यांना सांगा."

त्यांनी घाटाकडे बघितलं, पण तोवर काहील फिरली आणि त्यांच्यासमोर झाडी आली. मी घाट परत समोर येईपर्यंत थांबलो. ते ओरडले, "मी पाजली! अपघातानंतर! औषध म्हणून!"

घाटावर वहिनी हातात धोपाटणं घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभी होती. "ऐकू न्हाई आलं!" ती ओरडली. तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. "पुन्यांदा!"

ते पुन्हा ओरडले.

"नाव घिऊन!"

त्यांना दादाचं नाव ठाऊक नव्हतं. इतके रविवार ज्याच्या जिवावर पाण्यात उतरले त्याचं नाव मला त्यांना सांगावं लागलं. त्यांनी ते घेतलं आणि म्हणाले, तो प्यायलेला नव्हता. खोटं बोललो असं मात्र म्हणाले नाहीत. मी तेही काढून घेणार होतो, पण काहील उथळाला टेकली.

मी त्यांना पलीकडच्या काठाला नेलं. तिकडंच जायचं होतं ना त्यांना? उतरवलं, त्यांचा तराफा दाखवला आणि काहील घेऊन परत आलो. त्यांनी हाका मारल्या. संध्याकाळी ते पुलावरून येताना दिसले, खांद्यावर ट्यूबा, पॉलिश केलेल्या बुटांची चिखलानं ढेकळं झालेली. वाटेवरच्या शेतातल्या माणसांनी त्यांना रामराम केला म्हणे. मी केला नाही.

दादा हे सगळं अंगणातून बघत होता. मी वर आल्यावर मला वाटलं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "वल्हं असं मुळाशी धरत्यात का? लाज काढलीस." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर त्याचा आवाज आला, पाटलाच्या सुनेला दटावत होता. आत्या सुनेला घेऊन सगळ्यांच्या आधी काहिलीत जाऊन बसली होती.

गावापुरतं हे मिटलं. पण प्रवरेवर बोललेलं नगरला ऐकू जात नाही. मांडवातले ते लोक आजही दादाला दारुडाच समजत असतील. सगळ्यांना गाठणं मला शक्य नव्हतं. एकाला गाठणं भाग होतं.

मास्तर मिशनच्या शाळेमागं दोन खोल्यांत आईबरोबर राहायचा. पाय जुळला होता, पण आखूड झाला होता. कुबडी खाटेला टेकवलेली. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून बसला, पण त्याच्या आईनं मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डावी बाजू, उजवी बाजू, अलीकडं, बाटली, काहिलीतलं बोलणं.

मास्तर आईकडे वळला. मग म्हणाला, "आई, मला आठवतंय. माझा पाय सोडवताना तो अगदी जवळ होता. माझ्या तोंडापाशी तोंड. तेव्हा वास नव्हता."

"मग इतके दिवस का बोलला नाहीस?"

"तेव्हा पाय सोडून कशाचाच विचार नव्हता. नंतर कॅप्टन म्हणाले ते खरं वाटलं."

माउलीनं मला स्टूल दिलं. मग चहा टाकला. चहा उकळेपर्यंत पाठमोरी उभी राहून म्हणाली, "रोज रात्री मी तुझ्या भावाचं नाव घेऊन प्रार्थना करत होते, बाळा. ज्यानं माझ्या लेकराचा पाय घेतला त्याला बघून घे, असं प्रभूला सांगत होते. नाव विचारून आणलं होतं मी."

मी म्हणालो, "त्याला काही झालं नाही, बाई. बरा आहे."

"प्रभूला कळत होतं, म्हणूनच." तिनं कप माझ्या हातात दिला. "आता त्या माणसाचं नाव सांग. कॅप्टन नको, खरं नाव. बापाच्या नावासकट. आणि राहतो कुठं ते."

"आई," मास्तर म्हणाला, "आपल्याला क्षमा करायला सांगितलंय."

"करीन की," ती म्हणाली. "शेवटी करीन."

मी नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. पेठ सांगितली, गल्ली सांगितली, दुकान कोणत्या कोपऱ्यावर आहे तेही सांगितलं. तिनं ते पुटपुटत पाठ केलं, एकदा चुकलं ते मी दुरुस्त केलं, आणि मग मी माझा चहा सावकाश प्यालो.